यादीबाहेरचं नाव

एखादी गोष्ट बंद कधी करायची, एवढं ठरवायला माणसाला किती वेळ लागावा? आमच्या रेकॉर्डकीपरांना साडेचार वर्षं लागली. आणि गोष्ट तरी केवढी, तर कचेरीत येणारे मोडीतले अर्ज. शाळांतून मोडी गेली होती. सरकारी कागद केव्हाच बाळबोधीत, म्हणजे आज आपण सगळे लिहितो त्या अक्षरांत, निघू लागले होते. आमच्या तालुक्याच्या कचेरीत मात्र एका टेबलावर मोडी अजून चालायची, आणि त्या टेबलामागे हे गृहस्थ बसलेले असायचे.

मी तेव्हा लोणखेड्याहून रोज येऊन-जाऊन कारकुनी करत होतो. वय बावीस, नोकरी नवी. लहानपणी मराठी शाळेत दोन वर्षं मोडी गिरवली होती, एवढ्या एका गुन्ह्याबद्दल मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. काम एकच. मोडीत आलेला प्रत्येक अर्ज बाळबोधीत उतरवायचा आणि मग वर पाठवायचा. बाकीचे कारकून एकदा लिहायचे, मी दोनदा. त्यामुळे मोडी बंद व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेला तालुक्यातला पहिला माणूस मीच होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

सगळी कचेरी त्यांना नाना म्हणायची. उंच, वाळकुडे, आणि अंगात बारा महिने काळा कोट. मे महिन्यात आमच्याकडे पत्रे वाजायला लागतात, तेव्हाही तो कोट असायचाच. बाहेर गावकऱ्यांशी ते आपल्या अहिराणीत बोलायचे आणि मामलेदारांपुढे गेले की एकदम पुस्तकी मराठी सुरू. ती मराठी त्यांनी कोटाच्या खिशातच ठेवलेली असावी असं मला वाटायचं.

त्यांच्याकडे एक सायकल होती. ती चालवताना त्यांना कोणी पाहिलं नाही. घरून कचेरीत येताना हातात सायकल, जाताना हातात सायकल, आणि स्वतः शेजारून पायी. एकदा न राहवून मी विचारलंच, नाना, बसत का नाही? तर म्हणाले, "बसनू ते लवकर पोचसू. लवकर पोचीसन काय करू?" 

लिहिण्याची तऱ्हाही निराळीच. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. नाना सकाळी आल्याबरोबर दहा-बारा कागदांवर रेघा ओढून ठेवायचे. मग लिहायला बसले की ओळ सुरू करताना श्वास आत घ्यायचा आणि ओळ संपली की सोडायचा. ओळीच्या मध्ये कोणी काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. नवा माणूस गोंधळून जायचा, त्याला वाटायचं नाना रागावले. आम्ही जुने झालेले लोक त्यांच्या सुस्काऱ्याची वाट बघायचो आणि तो सुटला रे सुटला की आपलं काम सांगून घ्यायचो.

उन्हाळ्यात दप्तराचे रुमाल, म्हणजे तांबड्या फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मागच्या अंगणात वाळवायचं काम असे. नाना छत्री घेऊन त्यांच्यामध्ये बसायचे. कचेरीमागे एक जिल्दवाले चाचा राहत. आमच्या रजिस्टरांची बांधणी तेच करायचे आणि खळ सढळ हाताने लावायचे. एका दुपारी त्या खळीच्या वासावर चाचांचीच शेळी आली आणि एका विहिरीच्या हद्दीचा अख्खा कागद खाऊन गेली. चाचा बिचारे हात जोडून उभे राहिले. नानांनी त्यांना पाणी दिलं, मला लिहायला बसवलं आणि डोळे मिटून तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या साक्षीदारापर्यंत सांगितला. पुढे मूळ मालकाच्या घरची नक्कल सापडली तेव्हा मी खोडसाळपणे ती ताडून पाहिली. एका शब्दाचाही फरक निघाला नाही. वर पाठवलेल्या अहवालात मात्र नानांनी "सदरहू कागद शेळीने ग्रहण केला" असं लिहिलं होतं आणि ते तसंच बाळबोधीत उतरवताना माझी पंचाईत झाली होती.

तर अशा माणसाला नव्या मामलेदारसाहेबांनी विचारलं, "नाना, मोडी अर्ज घेणं आपण कधी बंद करायचं? तारीख तुम्ही ठरवा." साहेब तरुण होते, पण माणूस समजून घेणारे होते. त्यांनी हुकूम काढला असता तर एका दिवसात विषय मिटला असता. त्यांनी विचारलं, आणि तिथेच फसले. नाना म्हणाले, "विचार करून सांगतो, साहेब," आणि नमस्कार करून बाहेर आले.

मला वाटलं, आठ दिवस लागतील. नानांनी एक वही घेतली. तिच्यात तालुक्यातल्या अशा माणसांची यादी केली, ज्यांना मोडीच लिहिता येते आणि ज्यांना बाळबोधीत लिहून देणारं घरात दुसरं कोणी नाही. त्रेसष्ट नावं निघाली. नानांचं म्हणणं असं, की ही माणसं आहेत तोवर टेबल चालू. एक एप्रिल, एक जानेवारी असल्या तारखांना त्यांच्या लेखी काही अर्थ नव्हता.

मग दर रविवारी ही स्वारी सायकल हातात धरून गावोगाव निघायची. सारंगखेड्याला जत्रेचे घोडे आलेले असोत की नसोत, नाना यादीतल्या माणसाच्या ओट्यावर. प्रश्न ठरलेला, "घरमा कोनी बाळबोध लिखनारं शे का?" लोकांना वाटायचं, ही नवी शिरगणती निघाली. एका घरी तर घाबरून दोन सुना माळ्यावर जाऊन बसल्या होत्या. एखाद्याचा नातू शाळेत जाऊ लागलेला असला की नाना त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्यायचे, पसंत पडल्या तर आजोबांना सांगायचे, आता याच्याकडून लिहून घेत जा, आणि वहीत त्या नावापुढे बारीक खूण करायचे. म्हणजे यादी कमी व्हायची ती अशी. आणि दुसऱ्याही एका वाटेने व्हायची. माणसं म्हातारी होती.

मी फार वाईट वागलो त्या काळात. माझी सुटका त्या म्हाताऱ्यांच्या तब्येतीवर टांगलेली होती. कुठे कोणी गेल्याचं कानावर आलं की मी सकाळी टेबलापाशी उभा राहून विचारायचो, "किती राहिले नाना?" एकदा त्यांनी बोरू खाली ठेवला. म्हणाले, "तू तारीख सांगस, मी माणसं मोजस. तुन्हं काम सोपं शे." रागाने नाही, सरळ म्हणाले. दुपारी त्यांनी त्या गेलेल्या माणसाचा एक जुना अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला आणि वाच म्हणून सांगितलं. गावच्या विहिरीजवळ एक लिंबाचं झाड लावायला परवानगी द्यावी, पाणी मी स्वतः घालीन, असा तो अर्ज होता. मोडीत होता, पण मला वाचताना कुठे अडायला झालं नाही. त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. लाज वाटली.

यादीतला एक माणूस सगळ्यांत निराळा होता. प्रकाशा गावचे एक वयस्क गुजर शेतकरी, तापीकाठी केळीचे मळे. यांना अर्ज लिहिण्याचा नादच होता. घाटाच्या पायऱ्यांवर गाळ बसला, अर्ज. देवदर्शनाला येणारे लोक आपल्या शेतात गाड्या सोडतात, अर्ज. पाऊस चांगला झाला तर त्याबद्दल कचेरीचे आभार मानणाराही एक अर्ज आला होता आणि तो कुठल्या विभागाकडे पाठवावा यावर आमच्यात चर्चा झाली होती. अक्षर मात्र असं, की रेघेवरून मोत्यांची सर सुटावी. नाना त्यांच्या प्रत्येक कागदाला मोडीत पोच द्यायचे, आणि नुसती पोच नाही, वर दोन ओळी जास्तीच्या. दहा वर्षं दोघांचा असा पत्रव्यवहार चालला होता, पण दोघांची भेट झालेली नव्हती. इतक्या घरी जाणारे नाना या एका घरी कधी गेले नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "तठे जावानी गरज नही. हात सांगस ना, मानूस धडधाकट शे."

साडेचार वर्षांनी यादीत नऊ नावं उरली. मी बोलत नव्हतो, पण मनातल्या मनात मोजतच होतो. आणि एका सकाळच्या टपालात मोडीतला एक अर्ज आला. तो त्या नऊ जणांपैकी कोणाचाच नव्हता.

नानांना अक्षरांवरून माणूस ओळखता यायचा. हा हात त्यांना ओळखू येईना. कागद उजेडाला धरला, लांब धरला, मग उठून सगळ्या कचेरीला दाखवत फिरले. "हाऊ हात देखा. देखा तं खरं. तालुकामा असा हात आजून शे." मी त्यांना एवढं आनंदलेलं कधी पाहिलं नव्हतं. अर्ज होता प्रकाशाला नव्या निघालेल्या बालवाडीत सेविकेची जागा मिळण्याबद्दल. म्हणजे खरं तर तो शेजारच्या ब्लॉक ऑफिसात जायला हवा होता, चुकून आमच्याकडे आला होता. खाली नाव बाईचं आणि आडनाव ओळखीचं.

दुसऱ्याच दिवशी ती स्वतः आली. अर्ज पोचला का, ते विचारायला. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, डोक्यावर पदर, पण बोलणं धीट. मी ताबडतोब ओळखलं, ही त्या केळीवाल्या बाबांची मुलगी. नानांनी तिला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि अर्ज पुढे धरला.

"हाऊ कागद कोनी लिखा?"

"मी."

"तुले कोनी शिकाडं?"

"बाबानी. घर."

"वा," नाना म्हणाले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "अन् बाळबोध?"

"वाचता येस. पोथी वाचस मी. लिखता नही येत."

"कसाले नही शिकनी?"

तिला या प्रश्नाचं नवल वाटलं. "बाबा सांगेत, कचेरीमा मोडी चालस, मंग त्या शाळाना अक्षरं कसाले? तुम्हीच घेतस ना मोडी."

नाना हातातली बशी तोंडापर्यंत नेत होते, ती तशीच राहिली. मी पुढचं सांगून टाकलं, कारण ते तिला कोणीतरी सांगायला हवं होतं. जागेसाठी लेखी परीक्षा आहे, ब्लॉक ऑफिसात. शुद्धलेखन आणि निबंध, दोन्ही बाळबोधीत. आणि परीक्षेला एकोणीस दिवस उरलेत. तिचा चेहरा पार उतरला. तिला ती जागा हवी होती, फार हवी होती. गावातच काम, स्वतःची कमाई, आणि मुलांना शिकवायची हौस. हे सगळं तिने नंतर सांगितलं. त्या वेळी फक्त एवढंच म्हणाली, "मंग आते मी काय करू?"

नानांनी बशी खाली ठेवली. तिचा अर्ज घडी घालून तिच्या हातात परत दिला. त्यांच्या टेबलावरून परत गेलेला तो पहिला मोडी कागद होता. "हाऊ आठे चालाव नही," म्हणाले. "परतून लिख. बाळबोधमा." मला त्यांचा भयंकर राग आला. ती उठली आणि गेली.

 ती गेल्यावर नानांनी कोटाची बटणं लावली आणि मामलेदारसाहेबांकडे गेले. मी कागद घेऊन जाण्याचं निमित्त करून मागोमाग शिरलो.

"साहेब, विचार झाला," नाना म्हणाले. "आज जे यादीत आहेत, त्या नऊ जणांचे अर्ज ते हयात असेतोवर मोडीत घ्यायचे. यादीबाहेरच्या कोणाचेही घ्यायचे नाहीत. मग तो कोणी का असेना."

"तारीख?"

"आजची."

साहेब हसले. "साडेचार वर्षं थांबलात आणि आता एक दिवस थांबवत नाही?"

"मी मोडीतून जाणारी माणसं मोजत होतो, साहेब. येणारं कोणी असेल असं मनातच आलं नाही. आपण दार उघडं ठेवलं म्हणून एक मुलगी आत आली आणि आता तिला पुढे वाट नाही. आणि ज्या एका घरी मी गेलो नाही, त्याच घरात ती होती."

साहेबांनी सही केली. नोटीस नानांनी स्वतः बाळबोधीत लिहिली. त्यांच्या हातची बाळबोध मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. अक्षर गोल आणि बुजरं होतं. नोटीस फळ्यावर लागली आणि त्याच दिवशी नानांनी रजेचा अर्ज दिला. अठरा दिवस. पेन्शनीला टेकलेल्या त्या माणसाने आजवर कधी रजा घेतल्याचं कचेरीत कोणाला आठवत नव्हतं.

दप्तरखाना माझ्याकडे सोपवून नाना प्रकाशाला गेले आणि तिथल्या धर्मशाळेत राहिले. आठवड्याने एका कागदावर त्यांची सही हवी होती, म्हणून मी रविवारी सकाळच्या मोटारीने गेलो. बाबांचं घर शोधायला लागलं नाही. ओट्यावर एका बाजूला मुलगी पाटी घेऊन बसलेली, तिच्यासमोर नाना, कोटासकट. दुसऱ्या टोकाला बाबा, पाठ करून. आठ दिवसांत बाबा नानांशी एक शब्द बोलले नव्हते. जेवायला मात्र ताट रोज दोघांचं शेजारी वाढलं जायचं, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत, कारण घरची रीत तशी होती.

मी सरकारी माणूस दिसल्यावर बाबांना तोंड फुटलं. "दखा भाऊ," ते मुलीकडे, त्यांच्या अंडेरकडे, हात करून मला म्हणाले, "धा वरीस मी यास्ले कागद लिखा. एक बी परत नही उना. अन् मन्ही अंडेरना पयला कागद, तो यास्नी परत दिना."

नाना पाटीवरून मान न उचलता म्हणाले, "तुमनं नाव यादीमा शे. तुमनं शेवटलोंग चाली. तिनं सारं आयुष्य पुढे शे."

"मंग हाई तव्हयच सांगनं व्हतं. धा वरीस आधी."

"हां," नाना म्हणाले. "मी चुकनू."

बाबांनी यावर काही उत्तर तयार ठेवलं असणार, पण ते त्यांना वापरता आलं नाही. ज्याच्याशी वाद घालायचा त्याच माणसाने पहिल्याच झटक्यात चूक कबूल केली की समोरच्याची फार अडचण होते.  ते हळूच वळले आणि मुलीच्या पाटीकडे बघू लागले.

"मन्ही अंडेर तुमना हातखाल शिकी ऱ्हायनी," ते शेवटी म्हणाले, "मंग एक वचन द्या. तिले कथं आडी गये ते तिना मोडी कागद तुम्ही वाचशात."

"नही," नाना म्हणाले. "आते नही. एकदाव वाचा का परत तिले तीच सवय. सगळासले सांगं ते तिले बी सांगं."

"बाबा, गप बठा जरासा," मुलगी म्हणाली. "मन्हा शबद चुकी ऱ्हायना."

मी सही घेतली आणि परत निघालो. ती मुलगी शिकेल याबद्दल मला शंका उरली नव्हती. ज्या बोटांना मोडीचं वळण इतकं सुरेख बसलेलं असतं, त्यांना दुसरं वळण लावायला वेळ लागत नाही, फक्त रेघ मागून ओढायची सवय करावी लागते. मोडीत ती आधी असते. नाना दर ओळीला तिला तेवढीच आठवण करून देत होते.

परीक्षा झाली. नाना रजेवरून हजर झाले आणि आल्याबरोबर, जणू काही झालंच नाही असे, रुमाल सोडून बसले. परीक्षेबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "लिखं तिनी. सारं लिखं." एवढंच. पण त्या आठवड्यात ते दोनदा ब्लॉक ऑफिसासमोरून सायकल घेऊन गेले, हे मी पाहिलं. घराकडे जायची वाट ती नव्हे.

चौथ्या दिवशी दुपारी ब्लॉक ऑफिसातला एक कारकून एक उत्तरपत्रिका घेऊन आमच्या दप्तरखान्यात आला. माझ्याच वयाचा, नव्या शाळेत शिकलेला. म्हणाला, "नाना, एक मदत करा. सात जणींचे पेपर आहेत. पाचांवर नावं नीट आहेत. एकीने नावच लिहिलेलं नाही, आणि या एकीने हे काय लिहिलंय ते आमच्या ऑफिसात कोणाला वाचता येत नाही. पेपर हा सगळ्यांत सरस आहे. साहेब म्हणाले, आज दुपारच्या गाडीने निकाल धुळ्याला जाणार, तोवर हा कोणाचा ते कळलं तर ठीक, नाहीतर बाद करा."

त्याने पेपर पुढे केला. चार पानं स्वच्छ बाळबोध. आणि वर, नावाच्या जागी, मोडी. तीन शब्द. परीक्षेला बसल्या बसल्या माणूस आधी आपलं नाव लिहितो, आणि नाव लिहिताना विचार करत नाही. तिचा हात आपोआप जुन्या वळणाने गेला होता.

नानांनी पेपर बघितला. त्यांनी तो वाचला होता, डोळे त्या तीन शब्दांवरून फिरून आले ते मी पाहिलं. पण ते म्हणाले, "तिला बोलवून घ्या. तिचं नाव ती लिहील."

"अहो, जागा प्रकाशाची, सातही जणी तिकडच्याच. कधी येणार ती? गाडी तासाभरात आहे."

"यादीबाहेरची मोडी मी वाचत नाही," नाना म्हणाले. "नोटीस बाहेर लावली आहे."

मला राहवलं नाही. साडेचार वर्षं मोडी बंद करा म्हणून त्यांच्या मानगुटीवर बसलेला मी, उठून त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "नाना, नुसतं नाव शे. वाची टाका. अठरा दिन तठे बठनात ते कसाले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा कसनुसा झाला होता. मी त्यांच्याजवळ इतकी वर्षं काढली, पण त्यांना असं अडकलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. वाचलं तर बाबांना दिलेला नकार खोटा, नोटीस खोटी, आणि उद्या सगळा तालुका म्हणणार, नानांकडे चालतं. न वाचलं तर तिची जागा गेली, आणि तीही त्यांच्याचपायी.

मग ते सावकाश उठले. पेपर त्या कारकुनाच्या हातात परत दिला नाही. माझ्या टेबलापाशी आले, माझ्यापुढचे कागद बाजूला सारले, तो पेपर तिथे ठेवला आणि सुलट्या बाजूने माझ्याकडे फिरवून दिला. म्हणाले, "मी पाणी पिवाले जास." आणि बाहेर गेले. पाण्याचा माठ आमच्या खोलीतच होता.

मी पेपर हातात घेतला. आधी मुलीचं नाव, मग बाबांचं, मग आडनाव. एकदाही न थांबता मी मोठ्याने वाचलं आणि त्या कारकुनाने ते बाळबोधीत लिहून घेतलं. तो आभार मानून गेला. गाडीला अजून वेळ होता.

नाना बऱ्याच वेळाने आले. खुर्चीवर बसले, बोरू उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"गया का तो?"

"गया."

"तुले वाचता उनं?"

"उनं नाना. झटकन उनं."

त्यांनी मागच्या भिंतीला छतापर्यंत लागलेल्या, आत सगळी मोडीच असलेल्या तांबड्या रुमालांकडे एकदा नीट पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मंग झायं," म्हणाले. "आते माले घर जावाले हरकत नही."